सावंतांना हे सुचलं असतं का?

सुनावणीत हरणं मला नवीन नाही. पेटंट एजंटचं कामच असं, की अर्ध्या वेळा समोरचा अधिकारी तुमचं सगळं शांतपणे ऐकून घेतो, चष्मा पुसतो आणि नाही म्हणतो. पण हरून बाहेर पडताना आपल्याला काहीतरी मिळालं, असं मला एकाच व्यक्तीसमोर वाटायचं. त्या म्हणजे हेमलता भानजी, पेटंट कार्यालयातल्या अधिकारी. त्यांच्याकडे टीव्ही, मोबाईल, घड्याळं, म्हणजे जिथे जिथे पडदा आहे तिथले अर्ज यायचे. पडद्यावरच्या एका ठिपक्याला वीज कशी द्यायची, किती द्यायची, कधी थांबवायची, एवढ्या एका गोष्टीवर माणसं किती हजार पानं लिहू शकतात, हे मला त्यांच्या टेबलामुळे कळलं.

बांधा लहान, केसांत रोज अबोलीचा वीतभर गजरा, आणि आवाज मात्र दणदणीत. वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं घर. आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या शेजारी बसून लहानपण गेलं, त्यामुळे हळू बोलायची सवयच लागली नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. सुनावण्या व्हिडिओवर व्हायला लागल्या तेव्हा आम्ही सगळे एजंट आधी स्पीकर कमी करून ठेवायचो.

त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो तो एका परदेशी कंपनीसाठी. विषय ठिपक्याच्या सर्किटचा. ठिपक्याला उजेड देणारा जो कण असतो, त्याला वीज सोडणारा एक बारीकसा ट्रान्झिस्टर असतो, घरातल्या नळासारखा. आता लाखो नळ एकसारखे कसे होणार? कुठला घट्ट, कुठला सैल, आणि वापरून वापरून आणखी बिघडतात. मग पडद्यावर ढगांसारखे डाग दिसायला लागतात. माझ्या कंपनीने त्यावर सात ट्रान्झिस्टरचं सर्किट केलं होतं. मी मोठ्या उत्साहाने चित्रं दाखवली. भानजी मॅडम मध्ये एक शब्दही बोलल्या नाहीत. माझं संपल्यावर म्हणाल्या, "ठीक आहे, मिस्टर कर्णिक. पण सावंतांना हे सुचलं नसतं, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

मला वाटलं, सावंत म्हणून कुणीतरी अधिकारी असतील आणि त्यांचा उलटा अभिप्राय फाईलला लागला असेल. मी म्हणालो, "सावंतसाहेबांचं म्हणणं वाचायला मिळालं तर उत्तर देईन."

त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "मिळालं असतं तर मीच आधी वाचलं असतं."

बाहेर आल्यावर मी क्लार्कला विचारलं, सावंत कुठल्या मजल्यावर बसतात. तो इतका हसला की त्याचा चहा सांडला. सावंत नावाचं कुणीच नव्हतं. कायद्यात एक काल्पनिक माणूस आहे. त्या त्या विषयात मुरलेला, जगात आजवर छापलेलं सगळं वाचलेला, पण स्वतःहून एक पाऊलही पुढे न टाकणारा. एखादी गोष्ट अशा माणसालाही सहज सुचली असती तर ती उघड होती, आणि उघड गोष्टीला पेटंट मिळत नाही. आम्ही सगळे त्याला कायद्याच्या पुस्तकातल्या लांबलचक नावाने ओळखायचो. भानजी मॅडमनी त्याचं नाव सावंत ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यात त्याचं सगळं ठरलेलं होतं. सावंत कांजूरमार्गला राहतात, कष्टाळू आहेत, रजा घेत नाहीत, सगळं पाठ आहे; पण कुणी सांगितल्याशिवाय खिडकी उघडणार नाहीत.

"नाव नसलं ना, की आपण त्या माणसाला आपल्या सोयीने कधी हुशार करतो, कधी मठ्ठ," असं त्यांनी मला पुढे एकदा सांगितलं. "सावंत आहेत म्हटल्यावर तसं करता येत नाही. माणसावर अन्याय होतो."

तो अर्ज त्यांनी नाकारला. सातही ट्रान्झिस्टर आपापलं जुनंच काम करत होते, ते फक्त शेजारी शेजारी आणून ठेवले होते. सुनावणी इंग्रजीत चालायची, पण समोरचा मराठी असला आणि मुद्दा त्याच्या डोक्यात शिरत नसला की त्या मराठीवर यायच्या. मला म्हणाल्या, "डाळ वेगळी, तांदूळ वेगळे, एका ताटात वाढलेत. खिचडी केलीत तर या."

मला राग आला होता. घरी जाऊन सर्किट पुन्हा काढलं आणि लक्षात आलं की खिचडी खरोखरच झालेली नव्हती.

त्यांची अर्ज वाचायची रीत कार्यालयात सगळ्यांना माहीत होती. शोध काय आहे हे त्या आधी वाचायच्याच नाहीत. अडचण काय होती, तेवढी पानं वाचायच्या आणि उरलेला गठ्ठा पालथा घालायच्या. मग रद्दी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने स्वतः सोडवायला बसायच्या. अडलं की उठून पॅसेजमध्ये फेऱ्या, बोटं मोडत, "मग? मग काय?" असं स्वतःशी पुटपुटत. त्या वेळी त्यांना कुणी हाक मारायचं नाही. मी बाकावर बसून हे पाहिलंय. शिपाई ट्रे घेऊन येत होता, तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि बाई गेल्यावर पुढे निघाला. स्वतःचं काहीतरी उत्तर काढल्यावरच त्या गठ्ठा सुलटा करायच्या आणि अर्जदाराने काय केलंय ते बघायच्या. बाकीच्यांपेक्षा त्यांना वेळ जास्त लागायचा आणि त्याबद्दल वरून बोलणीही बसायची. "उत्तर एकदा डोळ्यांखालून गेलं, की ते डोक्यातून पुसता येत नाही," एवढंच त्या म्हणायच्या. "मग मी तपासणार काय?"

शिस्तीची आणखी एक गोष्ट सांगतो. एकदा बसचा संप होता. मी गाडी घेऊन निघालो होतो आणि मॅडम फाटकाशी टॅक्सीला हात करत उभ्या. टॅक्सी एकही थांबेना. मी काच खाली केली. "मॅडम, अंधेरीलाच चाललोय, बसा ना."

"तुझी फाईल माझ्या टेबलावर आहे." तोवर मी 'मिस्टर कर्णिक'वरून 'तू'वर आलो होतो.

"फाईलबद्दल एक अक्षर बोलणार नाही."

"तू नाही बोलणार रे. पण मी एसीत बसून येईन, तू वाटेत पाणी विचारशील, आणि उद्या तुझा मुद्दा मला थोडा बरा वाटेल. चल, नीघ." आणि त्या खांद्याला पर्स लावून चालायला लागल्या.

पुढे त्यांनी ती फाईलही नाकारली. त्या संध्याकाळी मी जिन्यावर तोंड पाडून उभा असताना मागून तोच आवाज आला, "कर्णिक, आता तुझं माझ्याकडे काही नाही ना? गाडी आणलीयस? सोड अंधेरीपर्यंत." त्या दिवशी संपूर्ण रस्ताभर आम्ही बोंबील कडक तळायचे की नरम, यावर भांडलो. मी नरमवाला. तेही त्यांनी नाकारलं.

पण ज्या सुनावणीने माझं कामाकडे बघणंच बदललं, ती कांजूरमार्गच्या तेजस म्हात्रेची.

तेजस पस्तिशीतला इंजिनीअर. एका भागीदाराबरोबर औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन छोटे पडदे बनवायचा. खेड्यांतल्या आरोग्यसेविका जी रक्तदाब, नाडी मोजायची यंत्रं घेऊन फिरतात, त्यांच्यासाठी. तिथे चार्जिंगची बोंब, म्हणून बॅटरी दिवसचे दिवस टिकली पाहिजे. बॅटरी वाचवायची तर पडद्यावरचं चित्र सारखं नव्याने काढायचं नाही; एकदा काढलं की तसंच राहू द्यायचं. पण प्रत्येक ठिपक्यात साठवलेली वीज हळूहळू गळते. चित्र मंद होत जातं, नव्याने काढलं की एकदम उजळतं, पडदा डोळे मिचकावल्यासारखा दिसतो. आकडा सहाचा आहे की आठचा हेही मग धड कळत नाही. जगभर यावर एकच उपाय चालू होता, कमी गळणारे महागडे ट्रान्झिस्टर वापरायचे. तेजसने स्वस्तातलेच ठेवले. पडद्याच्या कडेला, चौकटीखाली झाकलेली ठिपक्यांची एक रांग ठेवली. ती किती गळते ते मोजत राहायचं आणि त्याच चालीने बाकी सगळ्या ठिपक्यांचा आधाराचा व्होल्टेज हळूहळू सरकवत न्यायचा. गळती तेवढीच भरून निघायची, डोळ्याला चित्र स्थिर.

माझी कंपनी, म्हणजे माझा अशील, या अर्जाला विरोध करत होता. पेटंट नाकारलं गेलं असतं तर तेजसची युक्ती दुसऱ्या दिवसापासून कुणालाही वापरायला मोकळी होती, आणि ती मोठ्या प्रमाणावर वापरायची ताकद माझ्या अशिलाकडे होती, तेजसकडे नव्हती. त्याचा भागीदार निकालाची वाट बघत थांबला होता. विरुद्ध गेला तर नोकरी धरणार होता. हे सगळं मला माहीत होतं. पण माझं काम विरोध करणं होतं आणि मी ते मन लावून केलं होतं.

मला तीन जुनी पेटंट मिळाली. एकात झाकलेले ठिपके होते. पडदा वर्षानुवर्षं म्हातारा कसा होतो ते मोजण्यासाठी. दुसऱ्यात आधाराचा व्होल्टेज सरकवला होता, उन्हाथंडीप्रमाणे. तिसरं चित्र कमी वेळा काढण्याबद्दलचं. तिन्ही जोडा, की तेजसचा शोध तयार. महत्त्वाचं म्हणजे अर्जाच्या तपासणीनंतर भानजी मॅडमच्या सहीने निघालेल्या पहिल्या अहवालातही जवळपास हाच आक्षेप होता. मी निर्धास्त होतो.

व्हिडिओवर आम्ही चौघं. तेजस, त्याच्या वतीने बोलणारी एक मुलुंडची वकीलबाई, मी आणि मॅडम. सगळे मराठी, म्हणून थोड्याच वेळात सुनावणी मराठीवर आली. माझं बोलून झालं. मॅडमनी सगळं ऐकलं.

"कर्णिक, हे तीन कागद तुम्ही शोधलेत कसे?" सुनावणीत त्या मला अहोजाहो करायच्या.

"सर्च केला मॅडम, शब्द टाकून."

"कुठले शब्द?"

"झाकलेले ठिपके, गळती, आधाराचा व्होल्टेज..."

"आणि हे शब्द तुम्हाला कुठून मिळाले?"

माझी नजर समोरच्या अर्जावर गेली.

"यांच्या अर्जातून," मी म्हणालो.

"म्हणजे उत्तर वाचलंत आणि मग ते जिथून जिथून निघू शकलं असतं, त्या वाटा शोधल्यात." आवाजात टोमणा नव्हता. "तुम्हाला काय बोलू? मीही तेच केलं होतं. पहिल्या अहवालातला आक्षेप माझा आहे. तेव्हा कामाचा ढीग होता, मी गठ्ठा पालथा घातला नाही, सरळ शेवटचं पान वाचलं. चुकलं माझं. हे रेकॉर्डवर घ्या."

अधिकारी माणूस भर सुनावणीत, समोर पक्षकार बसलेले असताना, स्वतःच्या सहीचा आक्षेप चुकला म्हणतो, हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. नंतरही नाही.

मग त्यांनी काय केलं ते सांगितलं. तेजसचा अर्ज बाजूला ठेवून, त्या तारखेच्या आधी छापलेलं कमी बॅटरीच्या पडद्यांवरचं जे मिळेल ते सगळं त्यांनी वाचून काढलं होतं. माझे तीन कागदच नव्हे, मला न मिळालेलेही. "सावंत एवढं वाचून बसलेत," त्या म्हणाल्या. "आता सावंतांना काय दिसतं बघा. जो तो सांगतोय, चित्र काढून झालं की काही म्हणजे काही करू नका. कुठल्याही तारेला हात लावाल तर बॅटरी खाल. तुमच्या तिसऱ्या कागदातही ते लिहिलंय कर्णिक, चौथं पान बघा. सगळे ओरडून सांगतायत, झोपलेल्याला हात लावू नका. आणि हा माणूस म्हणतो, हात लावा, पण हळूच, पांघरूण घालतात तसा. झोप मोडणार नाही आणि बॅटरीही फारशी जाणार नाही. सावंतांनी हे केलं असतं? सावंत तर जागचे हलले नसते."

मी चौथं पान उघडलं. तिथे ते वाक्य होतं. मी ते वाचलं होतं, कितीदा तरी. पण मला उपयोगी नव्हतं म्हणून ते मला दिसलंच नव्हतं.

व्हिडिओवर तेजसच्या चौकटीत त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मॅडम लगेच त्याच्याकडे वळल्या. "म्हात्रे, खूश होऊ नका एवढ्यात. तुम्ही जगातल्या सगळ्या पडद्यांवर हक्क सांगितलाय. खणलीत विहीर आणि मागताय तलाव. जेवढं करून दाखवलंय तेवढंच लिहून द्या."

त्याने लिहून दिलं. पेटंट मिळालं. भागीदार थांबला की नाही मला कळलं नाही, पण गाळा अजून चालू आहे. मध्यंतरी माझी बहीण शहापूरकडे आरोग्य केंद्रात गेली होती, तिने तिथल्या यंत्राचा फोटो पाठवला होता. खाली म्हात्रेच्या कंपनीचं नाव होतं.

मॅडम निवृत्त झाल्यावर मी वेसाव्याला त्यांच्या घरी गेलो. आमच्या फर्मला त्या सल्लागार म्हणून हव्या होत्या आणि मी त्यांना राजी करेन असं मी भागीदारांना सांगून आलो होतो. त्या भावाच्या कुटुंबाबरोबर राहायच्या. भावाची होडी अजून समुद्रावर जाते. ओट्यावर वहिनी सुकट पसरत होती आणि मॅडम तिच्याशी बोलत होत्या, तर मला क्षणभर आवाज ओळखीचा आणि भाषा अनोळखी वाटली. ळचा ल झाला होता, 'जाळं'चं 'जालं' झालं होतं.

माझा प्रस्ताव ऐकून त्या हसल्या. "अरे, मला तुझी बाजू मांडता येणार नाही. मध्येच समोरच्याचं पटलं तर मी त्याचीच मांडायला लागेन. तुझी वाट लागेल."

मग चहा झाला आणि मी, इतक्या वर्षांत जे विचारता आलं नव्हतं ते विचारलं. या कामात त्या आल्या कशा?

पेटंट कार्यालयाच्या आधी त्या पूर्व उपनगरातल्या एका टीव्ही कारखान्यात इंजिनीअर होत्या. तिथे आता टॉवर आहेत. तेव्हा काचेच्या नळीचे टीव्ही होते आणि नव्या सपाट पडद्यांवर एका खोलीत थोडंफार काम चालायचं. त्या पडद्यातल्या ठिपक्यांना वीज एकदा सुलटी, एकदा उलटी द्यावी लागते, नाहीतर ते खराब होतात. पण सगळे एकदम पालटले की पडदा लुकलुकतो. हेमलताबाईंना सुचलं, की शेजारशेजारच्या ठिपक्यांना एकमेकांच्या उलट द्या. एक थोडा उजळेल तेव्हा शेजारचा थोडा मंद होईल, डोळ्याला बेरीज सारखीच. त्यांनी ते वरिष्ठांना सांगितलं.

"ते म्हणाले, ह्यात काय एवढं? हे तर उघडच आहे. मलाही वाटलं, असेल बुवा उघड. मी सोडून दिलं."

काही वर्षांनी त्या पेटंट कार्यालयात लागल्या. एका अर्जासाठी जुनी पेटंट शोधताना त्यांच्यासमोर एक परदेशी पेटंट आलं. तीच कल्पना. त्यांनी ती सांगितली त्यानंतरच्या तारखेचं.

मी पुढे सरकून बसलो. "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? समोरच्या अर्जाला ते पुरावा म्हणून लावलं. तो अर्ज त्यामुळे पडला. पडायलाच हवा होता."

"राग नाही आला?"

"कुणाचा? त्यांनी लिहून जगाला दिलं, मी नाही दिलं. डोक्यात राहिलेलं सावंतांना कसं वाचता येणार?" त्यांनी रिकामे कप उचलून बाजूला ठेवले. "साहेबाचाही नाही आला रे. तो काही लबाडी करत नव्हता. ऐकल्यावर त्याला खरंच उघड वाटलं. तीच तर भीती आहे ना. चांगली कल्पना ऐकली की माणसाला वाटतं, ही मला माहीतच होती."

वहिनीने आतून जेवायला हाक मारली. मी फर्मचा विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, मागच्या दिवाळीच्या आधी, घाटकोपरच्या मॉलमध्ये. टीव्हीच्या दुकानात भिंतभर पडदे लावले होते, सगळ्यांवर एकच समुद्र, निळाशार, आणि गिऱ्हाइकं चार पावलं मागे उभी राहून माना डोलावत होती. भानजी मॅडम एका पडद्याला जवळजवळ नाक लावून उभ्या होत्या. चष्मा काढून त्यांनी उलटा भिंगासारखा काचेवर धरला होता आणि त्या एका कोपऱ्यात काहीतरी शोधत होत्या. मी सरकत्या जिन्यावर होतो. हाक मारणार होतो, तेवढ्यात दुकानातला विक्रेता त्यांच्याजवळ गेला.

"मॅडम, जरा लांबून बघा ना. इतक्या जवळून चित्र दिसत नाही."

"चित्र कुणाला बघायचंय?" तो आवाज अख्ख्या मजल्याने ऐकला. "हा खालचा कोपरा बघ. काय केलंय यांनी! काय केलंय! ये, ये इकडे."

विक्रेत्याने इकडे तिकडे पाहिलं. मग टाय सावरून तो वाकला, त्यांनी धरलेल्या भिंगातून बघायला लागला, आणि जिना मला वर घेऊन जाईपर्यंत तो काही सरळ झाला नाही.